पुढची सीट कोणाची

जोडगाडी पुण्याहून आली. नणंदेची दोन्ही मुलं पळायला लागली होती आणि तिच्या फ्लॅटमध्ये गाडी ठेवायला जागा उरली नव्हती. दोन मुलांची बाबागाडी ती. एकामागे एक अशा दोन सीट, खाली चाकं, मागे ढकलायला रुंद दांडी. पुढची सीट बसत्या मुलासाठी. तिची पाठ थोडीशीच कलते. मागची पूर्ण आडवी होते, ती तान्ह्या बाळासाठी. "माहितीपत्रक कुठंतरी गेलं, पण बघितलं की कळतंच," असं नणंद म्हणाली. बघून जेवढं कळलं ते वर लिहिलं आहे. उरलेलं नंतर कळलं.

कसबा बावड्यात आमची इमारत उभी आहे तिथे आधी ऊस होता. कुंपणाच्या पलीकडे अजून आहे. तेव्हा हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसभर कारखान्याच्या दिशेने जात आणि खिडक्या लावल्या तरी मळीचा वास घरात येई. त्यामुळे गाडीला नाव पडायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी मला ती पार्किंगमध्ये उघडताना पाहिलं आणि वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"अगं बया, डबल ट्रॉली! कारखान्याला निघालीस व्हय? वजनकाट्यावर नंबर लावलास का न्हाय?"

तिथून पुढे सगळ्या इमारतीत ती ट्रॉलीच झाली.

घरात आम्ही पाच जण. नवरा, मी, सासूबाई आणि दोन मुलं. मोठी मुलगी अडीच वर्षांची, धाकटा मुलगा पाच महिन्यांचा होत आलेला. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या नेसरीजवळच्या एका गावच्या. धाकट्याच्या बाळंतपणासाठी आल्या आणि माझी रजा संपल्यावर राहिल्या. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. जिल्ह्याचं पान माझ्याकडे होतं. रजेनंतर मी अर्धा दिवस जाऊ लागले होते, दुपारचं जेवण झाल्यावर. वृत्तसंपादकांनी सरळ सांगितलं होतं की महिनाअखेरीपर्यंत पूर्ण वेळ येणार की नाही ते कळवा, नाहीतर पान दुसऱ्याकडे जाईल. जवळच्या पाळणाघरात एवढं लहान मूल घेत नव्हते. नवरा कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला. तेव्हा प्रश्न एकच उरत होता. दोन्ही मुलं दिवसभर आत्तींच्या हाती सोडता येतील का? माझी नोकरी त्या उत्तरावर अवलंबून होती, आणि उत्तर मला ऐकून नको होतं, बघून हवं होतं.

गाडी वापरायच्या पहिल्या दिवशी मी आत्तींना पार्किंगमध्ये उभं करून सगळं दाखवलं.

"धाकटा मागे, आडवा. मोठी पुढे, बसून. उलटं कधी करायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? तो मान उशिरा धरतोय, अजून ती पक्की नाही. बसतं केलं आणि डोकं पुढे पडलं तर श्वास अडकतो."

"आठवतंय की. दोन पोरं वाढवल्यात मी. गाडी नव्हती, एवढंच."

"बकल लागल्याचा आवाज आला पाहिजे."

"येतोय. ऐकाय येतंय मला अजून."

त्या रोज दुपार कलली की मुलांना घेऊन बाहेर पडत. इमारतीच्या फाटकातून डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. गाडी लिफ्टमध्ये मावत नव्हती. जिन्याखाली पार्किंगमध्येच उभी असे. मी ऑफिसातून परत आले की मोपेड तिच्याशेजारी लावत असे. त्यामुळे माणसांना भेटण्याआधी रोज गाडी भेटायची.

एका संध्याकाळी पुढच्या सीटचे खांद्याचे पट्टे आखडलेले दिसले. ते पट्टे सरकवून लहान-मोठे करता येतात. मोठीसाठी मी ते सैल ठेवले होते. आता ते शेवटच्या टोकापर्यंत ओढलेले होते. त्या मापात अडीच वर्षांचं मूल बसत नाही. मी ते पुन्हा सैल केले आणि वर गेले. कोणाला काही विचारलं नाही. एका दिवसावरून काही ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा आखडलेले. शिवाय मागच्या सीटवर, जिथे बाळ आडवं असायला हवं तिथे, बिस्किटाचा चुरा होता आणि चपलेची माती. बाळ बिस्किट खात नाही आणि चप्पल घालत नाही. त्यानंतर पुढच्या बकलमध्ये एक हिरवा धागा अडकलेला सापडला. तो आत्तींनी गावाहून आणलेल्या वाकळेचा होता. जुन्या लुगड्यांची ती वाकळ त्या धाकट्याखाली अंथरतात, दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

म्हणजे मुलांच्या जागा बदलल्या जात होत्या. रोज, मी गेल्यानंतर. आणि मी येण्याआधी मागच्या सीटची पाठ पुन्हा आडवी, काही झालंच नाही अशी. फक्त पट्टे परत सैल करायचं राहत होतं, किंवा ते करायला हवं हे लक्षात येत नव्हतं.

मी आत्तींना विचारलं, पण नेमका प्रश्न टाळून. नेमका प्रश्न विचारला की समोरचा सावध होतो, हे बातमीदारांना आम्हीच शिकवतो.

"आज फिरणं कसं झालं?"

"झालं की. गप झोपलं पोरगं."

"कुठं झोपला?"

"गाडीत. आनि कुठं झोपंल?"

उत्तरात खोटं काहीच नव्हतं. अशी वाक्यं मी पानावर घेत नाही. त्यांच्यात चूक सापडत नाही आणि माहितीही सापडत नाही.

मोठीला विचारणं सोपं होतं, पण ती साक्षीदार म्हणून कच्ची होती. मागच्या आठवड्यात तिने मांजर फ्रिजमध्ये गेल्याचं सांगितलं होतं.

"गाडीत कुठं बसतेस ग तू?"

"मी मागं बसतो. बाळ पुढं बसतंय." ती घरात आजीसारखीच बोलते, इकडच्या बायका 'जातो, करतो' म्हणतात तशी. "आज्जी म्हन्ली."

"का?"

"पाय," असं म्हणून तिने आपला पाय उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि हसली. मला वाटलं खेळ चालू झाला. मी पाय खाली ठेवला आणि विषय संपला.

दुसरं सूत्र विचारायला न जाताच मिळालं. तळमजल्यावरच्या काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या. मला पाहून थांबल्या.

"काय गं, तुझ्या आत्ती नातवाला लई मिरवत्यात की! पुढं बसवून, राजावानी. मी म्हटलं बी, नातू दावत फिरतायसा व्हय समद्यास्नी? हसल्या नुसत्या."

"आणि मोठी?"

"ती हाय की मागं. बिस्किट खात बसती बिचारी."

बिचारी हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मला तो दिवसभर पुरला.

इथे आधीची काही माहिती नोंदवायला हवी. मोठी झाली तेव्हा आत्तींनी जिलेबी वाटली होती, आमच्या मजल्यापुरती. धाकटा झाला तेव्हा पेढे वाटले, सगळ्या इमारतीत, आणि दोन पुडे गावाकडे पाठवले. मुलीची जिलेबी आणि मुलाचे पेढे ही इकडची रीतच आहे, तिचा दोष त्यांच्या एकटीवर टाकता येत नाही. पण एका मजल्यापुरतं आणि इमारतभर, हा फरक काही रीतीत बसत नाही. धाकट्याला कडेवर घेतलं की त्या "माझा वाघ" म्हणत. मोठी मध्ये आली की "गप गं, सरक तिकडं." दुधावरची साय कोणासाठी काढून ठेवायची हे ठरवायला अजून वेळ होता, कारण धाकटा साय खात नव्हता. मी मनात ती वेळही येऊन गेल्यासारखी बघत होते.

नातवाला पुढे बसवून मिरवायचं, नातीला मागे टाकायचं. मला जुळलेलं चित्र हे होतं. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ज्याला मिरवायचं त्याचीच मान त्या सीटवर सुरक्षित नव्हती. मागून ढकलणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही. डोकं पुढे पडलं तर कळणार कसं?

नवऱ्याला सांगितलं. तो पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत होता.

"विचार की तिला सरळ."

"विचारलं तर त्या सांगतील ते मानून घ्यावं लागेल."

"मग काय करणारैस?"

"आधी डोळ्यांनी बघणार."

"आई हाय ती माझी. बातमी न्हाय."

"बातमी असती तर एव्हाना छापून झाली असती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला घरातून निघाले, पण ऑफिसला गेले नाही. उशीर होईल असा निरोप ठेवला. डेअरीच्या कोपऱ्यावर एका बंद गाळ्याची भिंत पुढे आलेली आहे. तिच्या आड मोपेड लावली आणि थांबले. रस्त्याने दोन ट्रॅक्टर गेले. मागच्या ट्रॉलीतून निसटलेला ऊस दोन पोरं ओढून घेऊन पळाली. ऊन मानेवर येत होतं.

आत्ती फाटकातून बाहेर आल्या. गाडी दुरून दिसली. पुढच्या सीटवर धाकटा. त्याच्या दोन्ही बाजूंनी वाकळ गुंडाळून कोंबलेली, मधोमध त्याचं डोकं, त्यावर लाल टोपरं. मागे मोठी, हातात बिस्किट, पाय सीटवर घेतलेले. कोणताही संशय शिल्लक राहिला नाही.

डेअरीपाशी किटल्या घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी त्यांना अडवलं.

"आला का राजा! अगं बाई, टोपरं बघा की."

"आनि बहीण मागनं? शिपाई हाय व्हय राजाची?"

दोघी मोठ्यांदा हसल्या. आत्तींनी काही उत्तर दिलं नाही. थोडंसं हसून गाडी पुढे ढकलली. हे गप्प राहणं मी माझ्या बाजूने मोजलं.

डेअरी ओलांडली की रस्त्यावर एक गतिरोधक आहे, गावातल्या कोणीतरी स्वतःच्या हिशोबाने घातलेला, उंच आणि अरुंद. आत्तींनी दांडी खाली दाबून पुढची चाकं उचलली, वरून घेतली आणि सोडली. चाकं खाली आदळली. धाकट्याचं डोकं पुढे झुकलं आणि हनुवटी छातीला टेकली. ते परत वर आलं नाही. आत्ती मागून ढकलत होत्या. त्यांना त्याच्या टोपऱ्याचा शेंडा दिसत असेल, तेवढाच.

मी भिंतीआडून धावले. मध्ये एक मोटरसायकल होती, तिला हात दाखवला. गाडीसमोर गुडघ्यावर बसून दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. त्याने एक लांब श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि रडायला लागला. रडणं मोठं होतं, मोकळं होतं. मी बकल काढून त्याला उचललं.

"कुठनं आलीस गं तू?" आत्ती पुढे येऊन उभ्या होत्या. "हापिसला गेलतीस न्हवं?"

"आत्ती, हा पुढे का बसलाय?"

त्यांनी आधी डेअरीकडे पाहिलं. त्या दोन बायका किटल्या खाली ठेवून बघत होत्या.

"घरी चल. सांगतो."

"इथंच सांगा. मान पडली होती त्याची. तुम्हाला दिसलं का?"

"पडली?" त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी धाकट्याच्या मानेखाली हात घातला, पाठीवरून फिरवला. "वाकळ घट्ट लावली हुती की मी. दोन्ही बाजूंनी."

"बाजूंनी लावली. पुढून काय होतं?"

त्यांनी सीटमधली वाकळ चाचपली. मग मी तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस टाळला होता.

"मुलगा म्हणून पुढे बसवता ना त्याला?"

"काय म्हणून?"

"मुलगा म्हणून. मिरवायला."

त्यांना राग आला. तो त्यांच्या आवाजात आधी आला आणि तोंडावर नंतर.

"आगं, ती मुलगी म्हणून! ह्यो मागं निजला की लाथा मारतोय. सारख्या. म्होरं तिचं डोस्कं. तिला डुलकी लागली की ती सीट मागं कलती, आनि ह्येचे पाय थेट तिच्या डोस्क्याला. लेकीच्या जातीला पाय लावत्यात व्हय? लक्षुमी हाय ती घरची. पैल्या दिशी म्या दर डावाला गाडी थांबवून ह्येच्या वतीनं तिच्या पाया पडलो. थांबायचं, पडायचं. थांबायचं, पडायचं. डेअरीपातूर येस्तवर कंबर गेली. लोकं बघाय लागली, म्हातारी रस्त्यात काय नाच करतीया म्हणून. मग काय करू? दिलं बदलून."

"मग मला सांगायचं."

"तुला? तू हसली असतीस."

"हसले नसते."

"हसली असतीस. आनि तू सांगत्यास तवा मधी बोलाय जागा असती व्हय? हे असं, ते तसं, आवाज आला पायजे. पोरीला पाय लागतोय म्हटलं असतं तर काय म्हणाली असतीस? धुऊन टाका म्हणाली असतीस."

मी बहुधा तसंच म्हणाले असते.

मोठी मागच्या सीटवरून खाली उतरू बघत होती. तिने स्वतःचा पाय वर उचलला आणि आम्हा दोघींना दाखवला. "पाय," ती म्हणाली.

मी ऑफिसला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. गाडी रिकामी ढकलत घरी आणली. धाकटा माझ्या कडेवर, मोठी आजीच्या बोटाला. डेअरीसमोरून जाताना त्या बायकांपैकी एकीने "काय झालं वो?" असं विचारलं, तिला आत्तींनी "झालं काय न्हाय" एवढंच सांगितलं.

त्यांचं म्हणणं मी लगेच मान्य केलं नाही. माहिती देणाऱ्याचा त्या माहितीत स्वतःचा फायदा असेल तर ती दुसरीकडून तपासायची असते. मुलगी घरची लक्ष्मी असते हे ज्या तोंडून ऐकलं, त्याच तोंडून "सरक तिकडं" हेही ऐकलं होतं. पकडलं गेल्यावर माणूस जवळ असेल ते चांगलं कारण पुढे करतो, आणि चालीरीतीएवढं हाताशी असलेलं कारण दुसरं नसतं. शिवाय कारण खरं असलं तरी धाकट्याची मान पडली होती, आणि ती पडल्याचं त्यांना कळलं नव्हतं. गाडी जिन्याखाली उभी राहिली. मी सांगितलं की माझ्या परवानगीशिवाय ती बाहेर काढायची नाही. आत्ती "बरं" म्हणाल्या. त्या दिवसापासून घरात त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मुलं घरात कोंडल्यासारखी झाली होती. महिनाअखेर जवळ येत होती आणि वृत्तसंपादकांनी एकदा जाता जाता "मग?" असं विचारलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. नवरा बाहेर गेला होता. हॉलमध्ये सतरंजीवर दोन्ही मुलं झोपली होती, शेजारी शेजारी, पण उलटसुलट. आत्ती त्यांच्याजवळ बसून लसूण सोलत होत्या आणि खांद्याने फोन कानाशी धरून गावाकडच्या बहिणीशी बोलत होत्या. कोणाच्या तरी म्हशीचं चाललं होतं. म्हैस विकायची की ठेवायची. मी स्वयंपाकघरात होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती.

धाकट्याने झोपेत पाय झाडला. टाच मोठीच्या कपाळावर जाऊन पडली. ती जागी झाली नाही. आत्तींनी बोलणं थांबवलं नाही. "विकू नगंस, पावसाळ्यात मागं लागशील," असं म्हणता म्हणता त्यांनी डाव्या हाताने त्याचा पाय उचलून बाजूला ठेवला, मोठीच्या केसांना बोटं लावली, ती बोटं स्वतःच्या छातीला लावली आणि पुन्हा लसूण हातात घेतला. लसणाचं एक साल मोठीच्या केसात राहिलं.

थोड्या वेळाने पाय पुन्हा पडला. तेच पुन्हा झालं. म्हशीला आता गिऱ्हाईक सापडलं होतं.

मी दाराआड उभी राहून हे पाहिलं. आत्तींना मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. दाखवण्यासाठी केलेली गोष्ट माणूस पूर्ण करतो. ही अर्धवट होती, सवयीने झालेली, दुसरं काम आणि तिसऱ्याच गोष्टीवरचं बोलणं चालू असताना. त्यांना विचारलं असतं तर आत्ता काय केलं हे कदाचित आठवलंही नसतं. दुसरं सूत्र मिळालं होतं.

जिलेबी एका मजल्यापुरती वाटली गेली, हे त्यामुळे खोटं ठरत नव्हतं. तेही खरं होतं. दोन्ही एकाच बाईचं होतं, आणि त्या दोघांचा मेळ मी घातलेला नाही. पण पुढची सीट का बदलली, एवढ्यापुरतं उत्तर पक्कं होतं.

आता राहिला मानेचा प्रश्न. चालीरीतीने तो सुटत नव्हता आणि माझ्या बंदीनेही सुटणार नव्हता. मी नसताना पाय लागला की आत्ती जागा बदलणार, हे मला दिसत होतं. मी संध्याकाळी पार्किंगमध्ये गेले आणि निदान मागच्या सीटचं कापड धुवावं म्हणून ते सोडवायला घेतलं. बाजूच्या दोन खटक्या एकदम दाबल्यावर सगळी सीटच हातात आली. खाली सांगाड्याला ती जिथे बसते तिथे खाचा होत्या. पुढच्या अंगाला होत्या तशाच मागच्या अंगालाही. मी सीट फिरवून उलटी धरली आणि दाबली. खटक असा आवाज आला. हलवून पाहिली. हलली नाही. सीट पूर्ण आडवी होत होती आणि बाळाचं डोकं आता पुढच्या सीटकडे येत होतं, पाय ढकलणाऱ्याकडे. नणंदेला फोन केला. "अगं, बसते की तशी," ती म्हणाली. "आमचा धाकटा वर्षाचा होईपर्यंत तसाच होता. तुला सांगितलं नव्हतं का मी?"

आत्तींना खाली बोलावलं. त्या आल्या, दोन्ही मुलांना घेऊन. मी धाकट्याला मागे आडवा ठेवला, पट्टे लावले, बकलचा आवाज आला. मोठीला पुढे बसवलं. मग दांडी आत्तींच्या हातात दिली. धाकट्याने वर त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय झाडले. टाचा त्यांच्या पोटाला लागल्या.

"आता पाय तुमच्याकडे," मी म्हणाले. "चालेल?"

"लागू द्यात की. मला काय हुतंय?"

"तुम्ही मोठ्या. तुम्हाला लागलेला चालतो?"

"नातवाचा पाय आजीला लागत नसतो."

"आणि बहिणीला लागतो?"

"बहीण येगळी," त्या म्हणाल्या. पुढे काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

तळमजल्यावरच्या काकू दारातून बघत होत्या. "काय वो, इंजान मागं लावलं व्हय आता ट्रॉलीला?" त्यांनी विचारलं. आत्ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

फिरणं पुन्हा सुरू झालं. रोज संध्याकाळी मी गाडी तपासत होते. पुढचे पट्टे सैल, मागचे आखडलेले. बिस्किटाचा चुरा पुढे. सगळं जिथे हवं तिथे. तरी एक गोष्ट टोचत राहिली. नव्या मांडणीत धाकटा सगळा रस्ताभर आजीच्या तोंडासमोर होता. त्या त्याच्याशी बोलत, तो हुंकार देत असे. मोठी पुढे होती, पण तिच्यासमोर फक्त रस्ता होता आणि पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. पुढची सीट मिळाली आणि आजी गेली, असा हिशोब होत होता. कोणाच्या वाट्याला नेमकं काय आलं हे गाडी तपासून कळणार नव्हतं. होकार कळवायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या गाळ्याच्या भिंतीआड मोपेड लावली.

आत्ती आल्या. डेअरीपाशी त्याच दोन बायका होत्या.

"आज राजा मागं व्हय?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या, माझ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. "म्होरं मालकीण हाय."

गतिरोधकाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. ब्रेक पायाने दाबला. मग दांडी सोडून गाडीला वळसा घालून पुढे आल्या, मोठीचं नाक पदराने पुसलं, तिच्या तोंडात राहिलेलं बिस्किट बघितलं, काहीतरी म्हणाल्या. ती हसली. मग मागे जाऊन त्यांनी गाडी उलटी फिरवली आणि मागची चाकं आधी, अशी हळूहळू गतिरोधकावरून उतरवली. देवळाच्या वळणावर पुन्हा थांबल्या, पुन्हा पुढे आल्या.

मी समाधानाने ऑफिसला गेले. संध्याकाळी परत आल्यावर पट्टे पाहिले, वर गेले, हात धुतले. आत्ती धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"उद्या हापिसला सरळ जा. त्या गाळ्याच्या भिंतीला सावली नसती. उनात लाल टोपी घालून उभी राहत्यास, लांबनं दिसतंय."

माझं हेल्मेट लाल आहे.

मालकीण हा शब्द आणि ते दोन वेळा पुढे येणं, दोन्ही मी त्यामुळे पुराव्यातून काढून टाकलं. साक्षीदाराला आपल्यावर नजर असल्याचं माहीत होतं. राहिलं ते लसणाचं. त्या वेळी त्यांची माझ्याकडे पाठ होती आणि लक्ष म्हशीकडे होतं.

तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी होकार कळवला. पान माझ्याकडे राहिलं. ऑफिसला मी सरळ गेले.